मेलबर्न किती लांब

५ जानेवारी २००३
सुनीताचा फोन. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विमानात बसायला नाही म्हटलं, बी.पी. वाढलंय. पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आता माहेरालाच मेलबर्नला जावं लागणार. कमल म्हणाली, "मंग मी जाते." मंचरच्या बाजारापुढं एकटी कधी गेली नाही ही. पासपोर्ट-व्हिसा जावईबापूंनी दिवाळीतच करून ठेवलाय. मी कांदालागणीला मागं.

१२ जाने.
मुंबई-मेलबर्न दहा हजार कि.मी.ला थोडं कमी. मंचर-पुणे साठ धरलं, रोज जाऊन-येऊन दोन फेऱ्या, तर माझी चाळीस दिवसांची ड्युटी. विमान तेरा तासांत नेतं, मधे सिंगापूरला बदलायचं. एकतीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली, पण असलं अंतर कधी डोक्यात मावलं नव्हतं. वर घाट नाही, फाटा नाही, हात करणारं कुणी नाही. बांधावर बसल्या बसल्या मीच दोनदा जाऊन आलो. हिची हाक, "वाफा फुटला की! कुठं हाय तुमी?"

१९ जाने.
हिला टायमाचा कागद करून दिला. मुंबई सकाळी ११.३०. साडेपाच तास, म्हणजे सिंगापूर संध्याकाळी ५. पुढचं विमान तिकिटावर रात्री ९.३०. "घड्याळाला हात लावायचा न्हाई. गाडी कुठंबी जाऊ दे, घड्याळ डेपोचंच."
"म्हंजी साडेचार तास बसायचं?"
"बस की. डबा खा."

२१ जाने.
मुंबईला विमानतळावर सोडून आलो. काचेआड जाताना हिनं हात केला, गाडी थांबवायला करतात तसा. हसू आलं, मग रडू. परतीच्या एसटीत पेठ गावापाशी ऊन कलतं झालेलं. आता ही समुद्रावर असणार. खाली निळं, वर निळं, मधे हिचं हिरवं पातळ. माझा थांबा कधी गेला कळलंच नाही, पुढं उतरून चालत आलो.

२२ जाने.
सकाळी जावईबापूंचा फोन, "आई विमानातनं उतरल्याच नाहीत."
दुपारी फोनवर सिंगापूरहून हिचा आवाज. "इमान गेलं वो. घड्याळात सातच वाजल्यालं, मी बसून ऱ्हायले."
मग उमगलं. तिथलं घड्याळ आपल्याहून अडीच तास पुढं. तिकिटावरचे साडेनऊ तिथले. मी सगळ्या जगाला एकच डेपो धरून चाललो. आता आजच्या विमानात बसवतायत तिला. संध्याकाळी कळलं, सुनीताला दवाखान्यात नेलंय, दिवस भरायच्या आधीच.

२३ जाने.
मुलगी झाली. दोघी सुखरूप. कमल त्यानंतर तीन तासांनी पोचली.
लागणीला बाया आलेल्या, त्यांना पेढे दिले. मला गोड लागला नाही.

२७ जाने.
दुपारी सुनीता फोनवर पोटभर बोलली. "अण्णा, कळा यायच्या तेव्हा आईलाच हाका मारत व्हते. लई राग आला व्हता तिचा."
"अन् आता?"
"आता काय. आई म्हणती, सिंगापूरला खुर्चीत मलाच झोप लागली, म्हणून विमान चुकलं."
मागनं कमल, "इचार त्यांना, जेवले का."
जेवलो म्हटलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ अंगणात उभा होतो. तिथं आता ऊन असेल, नात कमलच्या मांडीवर.
एकतीस वर्षांत माझी चूक दुसऱ्याच्या नावावर जाऊ दिली नाही. पुढचा फोन रविवारी. सुनीताला खरं सांगायचं म्हणतो. पण सांगितलं तर कमल खोटी पडते.