बोडीच्या मातीचं घर

३० एप्रिल
आज अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर नव्या घरात पाय ठेवला. कोंढा गावाबाहेरची जुनी बोडी, शेताला पाणी देणारं तळं, बुजवून घरकुलांची वस्ती होते आहे, तिच्यातलं पहिलं पुरं झालेलं घर आमचं. बाकीची अजून जोत्यावरच बसली आहेत. मी आणि कुंताबाई, जन्मभर खापराखाली काढलेली दोन म्हातारी माणसं. आता डोक्यावर स्लॅब. कंबर मोडल्यापासून ती खाटेवरच असते. कुलदीप नागपूरहून आला होता. आम्ही बापलेकांनी तिला खाटेसकट आत आणलं, तर म्हणते कशी, लग्नातसुद्धा मला कोणी असं मिरवलं नव्हतं!

नवं मिळायचं तर जुनं घर पाडावं लागलं. सागवानी दार तेवढं वाचवलं, ते हट्टानं इथे बसवलं. विटा बोडीच्याच गाळाच्या. भट्टीवाला प्रविण म्हणाला, अशी चिकण माती पुन्हा हाती लागायची नाही. उरलेल्या विटा मी घरात कोपऱ्यात रचून ठेवल्या. वीट आहे, कुठे ना कुठे कामी येईलच.

२ मे
बाहेर पाय भाजतात, आणि आमच्या घरात गारवा. स्लॅबचं घर मे महिन्यात तव्यासारखं तापतं म्हणतात. आमचं नाही. कुंताबाई विचारते, “घर बांधलं का माठ घडवला जी?” कितीक दिवसांनी एवढी हसली.

शेजारचा शेतकरी मारोतराव शेताच्या धुऱ्यावर भेटला. त्याचा धान याच बोडीच्या पाण्यावर व्हायचा, आता त्याची बांधी, धानाचं शेत, पडीक आहे. चहाला बोलावलं, तर उंबऱ्याजवळसुद्धा आला नाही. म्हणाला, “आमच्या बापजाद्याची बोडी खाल्ली तुम्ही लोकायनं. आता तिच्या पोटात राहून राहिले. राहा!” आणि थुंकून गेला. राग खरा आहे त्याचा. पण मी काय करू? जागा मी थोडीच निवडली.

५ मे
मिठाचं पाणी झालं. काडीपेटी सादळली, चूल पेटता पेटेना. कोपऱ्यातल्या पोत्यात हात घातला तर धानाला मोड आलेले.

आणि भिंतीवर ओल. चारी भिंतींना घोट्याएवढ्या उंचीवर एक रेघ, गवंड्यानं दोरी धरून मारावी तशी सरळ. बाहेरून भिंतीवर हात फिरवला, नुसती धूळ. प्रविणला फोन केला. तो म्हणतो, नवं बांधकाम आहे काका, पाणी पिते अन् सुकते.

पिते म्हणाला. हे ओकून राहिलं आहे.

७ मे
रेघ गुडघ्याला आली. सागवानी दारावरही तीच रेघ. भुई मात्र ठणठणीत कोरडी. चुलीमागे भिंतीवर गोगलगाय निघाली, मे महिन्यात! कुंताबाईला दाखवली नाही.

ती म्हणते, पाय गार पडले. मी कोपऱ्यातल्या विटा काढून खाटेच्या चारी पायांखाली लावल्या. ओलीपासून वर राहील बिचारी.

८ मे
तिच्या हातांची बोटं पाहिली. नदीवर दिवसभर कपडे धुतल्यावर होतात तशी, पांढरी, सुरकुतलेली. तिनं तर पाण्याला हात लावलेला नाही.

मी म्हटलं, रिक्षा आणतो, भंडाऱ्याला दवाखान्यात जाऊ. ती भडकली. मंगळवारी शेवटच्या पाहणीला साहेब येणार आहे. दाराला कुलूप दिसलं तर घर वापरात नाही म्हणून दुसऱ्याच्या नावावर करतील, असं तिनं ऐकलं आहे. “खापराखाली जन्म गेला माह्या. आता मी याच घरातून जाईन,” म्हणाली. कुलदीपही फोनवर तेच बोलला, बाबा, मंगळवार निघू द्या.

मग मी मारोतरावाकडे गेलो. दोन दिवस घर सांभाळ म्हटलं. हसला. त्या घरात त्याची जनावरंही पाठवणार नाही म्हणाला.

१० मे
रेघ कमरेला. खाट आणखी वर घेतली. आता सगळ्या विटा लागल्या.

कुंताबाई म्हणते पायांना मासोळ्या लागतात. आधी हसून सांगितलं. मग रडून. घरात कमळाच्या देठांचा वास. खोकली, तर ओंजळभर पाणी आलं तोंडातून, त्यात हिरवं शेवाळ—

घर गेलं तरी चालेल. उद्या हिला खांद्यावर घालून नेतो.

११ मे
दार फुगलं. उघडत नाही. माझंच दार, माझ्याच हातानं बसवलेलं. कुऱ्हाड बाहेर राहिली. फोनच्या काचेत पाणी. खिडकीच्या गजांतून हाका मारल्या. मारोतराव बांधीत उभा होता. त्यानं पाहिलं. पाठ फिरवली.

१२ मे
आता समजलं.

पाणी खालून येत नाही. भुई कोरडीच आहे. खाटेखालच्या विटा काळ्या पडल्या, त्यांतून ओल वर चढते, खाटेच्या माचव्यांतून, सुतळीतून, तिच्या पाठीत. बोडी बुजवली कुठे? उपसून, भाजून, आमच्याभोवती उभी केली. आणि उरलेली मी— या हातांनी— हिच्या खाली रचली.

विटा ओढतो. निघत नाहीत. चिखलात पाय रुततो तशा धरून—

शाई पसरते. पेन्सिलीनं लिहितो.

१३ मे
बाहेर गाडी. साहेब आला. मी ओरडलो. तोंडातून नुसते बुडबुडे—

त्यांचे आवाज वरून येतात. बोडीच्या काठावर उभं राहून बोलावं तसे. मारोतराव सांगतो, “आतच असते म्हातारा-म्हातारी. कुठी नाही जात.” साहेब म्हणतो, कुलूप नाही, घर वापरात आहे, काढा फोटो.

गाडी गेली.

घर आमचं झालं, कुंता. ऐकलंस का?

ती वर पाहते. स्लॅबवर ऊन हलतं आहे. खिडकी बंद आहे, तरी— तळातून पाहिल्यासारखं—

उशीवर तिचे केस नाहीत. ते वर, सगळे वर, तरंग—