अख्खी गिळलेली गोळी

वाशी,
१२ फेब्रुवारी २००३

प्रिय सुनीलदादा,

नमस्कार. मी बरी आहे. भागोजीकाकांचा गुडघा आता कसा आहे? वाल काढून झाले असतील. रखमाकाकीला सांग, वाल कुणाबरोबर पाठवायची घाई करू नको, शिमग्याला मी येणारच आहे.

फोन केला असता, पण दुकानातल्या फोनभोवती माणसं उभी असतात आणि त्यांत बहुतेक वेळा कोंडाजी असतो. आमच्या औषधं तपासायच्या सेंटरला वाड्यावाड्यांतून पोरं आणून देणाऱ्या या माणसाने तुझं काय केलंय ते काकीने सांगितलं. पोलादपूर स्टँडवर तो ओरडतो, "काय रे सुन्या, गोळ्या हायत का चणे?" आणि तू टेम्पो स्टँडात लावायचा बंद केलास. काकी हसत सांगत होती. मीही हसले.

तुला चक्कर आली, मग तू गोळी चावलीस असं सर्वांसमोर सांगून तुला घरी पाठवलं. त्याआधी आत काय झालं ते तुला कुणी सांगितलं नाही. जुन्या कंपनीची ब्लडप्रेशरची गोळी आणि नव्या कंपनीची गोळी रक्तात सारखीच चढते-उतरते का, एवढंच आम्ही बघतो. औषध हळूहळू चढतं, माथ्याला पोचतं, मग उतरतं. गोळीनंतर घेतलेल्या तुझ्या पहिल्याच रक्तात ते सगळ्यात जास्त निघालं आणि पुढे उतरतच गेलं. कशेडीच्या घाटात डुलकी लागावी आणि जाग येईपर्यंत गाडी उताराला लागलेली असावी, तसं. माथा मागे गेला, पण तो किती उंच होता ते कुणी सांगू शकत नाही.

असं झालं की कारण शोधावं लागतं. माणसाने गोळी चावली असेल तर त्याचे आकडे बाजूला काढता येतात. दोष गोळीचा असेल तर सगळा अभ्यास नव्याने करायचा, गोळी दिल्याबरोबर लगेच लगेच रक्त घेऊन. कंपनीची माणसं समोर बसली होती. सेंटरच्या मोठ्या सरांनी मला विचारलं, कारण तुला गोळी मी दिली होती. पाणी पाजून, बॅटरी मारून तुझं तोंड मीच तपासलं होतं. तेव्हा तू म्हणालास, "काय गो, दात मोजतेस? अक्कलदाढ यायची हाय अजून."

गोळी तू अख्खी गिळली होतीस. मी पाहिलं होतं.

आणि मी म्हटलं, "चावली असेल सर. त्यांच्याकडे सगळे चावूनच खातात."

आपली रखमाकाकी दाताखाली फोडल्याशिवाय गोळी गिळत नाही, ते मला आयतं सुचलं. पण 'आमच्याकडे' म्हणायला जीभ वळली नाही. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. मग तुला आत बोलावलं. "नाय चावली मी. हिला इचारा," तू म्हणालास. मी ट्रेमधल्या बाटल्या सरळ करत राहिले.

सोमवारी मी सरांना खरं सांगितलं. लेखी दिलं, आणि या अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीलाही त्याची प्रत पाठवली. सर चिडले नाहीत. म्हणाले, "आता तुझा कुठला शब्द धरायचा? त्याला पुन्हा बोलव. तीच गोळी देऊ, गिळल्याबरोबर रक्त घेऊ. तसंच निघालं तर दोष गोळीचा. त्याचंही नाव स्वच्छ होईल." डॉक्टर खाटेजवळ बसतील, सलाइन तयार असेल, असंही म्हणाले. माणूस वाईट नाही.

तर हे पत्र तुला बोलावण्यासाठी लिहायला घेतलं होतं.

तू येशील हे मला माहीत आहे. मी हाक मारली म्हणून येशील, कोंडाजीचं तोंड बंद करायला तर धावत येशील. पण एक गोष्ट तुला कुणी सांगितलेली नाही. बाथरूमच्या दारात तू पडलास तेव्हा उपाशीपोटी चक्कर आली असं मी तुला म्हटलं. दादा, तेव्हा तुझी नाडी माझ्या बोटांना लागत नव्हती. मी मनगट सोडून गळ्याला हात लावला, तेव्हा कुठे लागली. हे ठाऊक असूनही चार दिवसांनी मी सरांपुढे ते वाक्य बोलले.

माझा शब्द खरा ठरावा म्हणून तू पुन्हा पडायचं, हे मी होऊ देणार नाही. समिती मला विचारील, मी उत्तर देईन. नोकरी राहील असं वाटत नाही. घरी ते मीच सांगेन, तू बोलू नकोस.

तू येऊ नकोस. मी कशी आहे ते आता तुला कळलंच आहे. उद्या कुणी समोर बसवून माझ्याकडून दुसरं पत्र लिहून घेतलं, त्यात मी कितीही गोड बोलावलं, तरी येऊ नकोस.

तुझी बहीण म्हणवून घ्यायला आज कचरणारी,
सेजल