धनंजयला वावर न देण्याची कारणे

एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. निंदणाच्या, म्हणजे तण खुरपण्याच्या, दिवसांत तळेगावहून आष्टीकडे जाताना एका शेतात बायांची लांब रांग वाकलेली दिसते. त्याच्याच धुऱ्यापलीकडे, म्हणजे बांधाच्या दुसऱ्या बाजूला, तिथला मालक एकटा उभा असतो आणि मोबाइलवर कोणाला तरी सांगत असतो, "मजूरच मिळत नाहीत हो आजकाल." गाव तेच, बाया त्याच, मजुरीचा दरही तोच. मग धुऱ्याच्या एका बाजूला मजूर मिळतात आणि दुसऱ्या बाजूला मिळत नाहीत, हे कसे? माझ्या मालमत्तेची वाटणी या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. म्हणून उत्तर आधी समजावून सांगते आणि वाटणी नंतर करते. मृत्युपत्र ऐकायला जमलेल्यांना वाटणीची घाई असते, हे मला ठाऊक आहे. त्यांनी बसून घ्यावे.

लिहून ठेवणार मी, सुलोचना अण्णाजी होले, वय एकाहत्तर, कृषी विद्यालयातील निवृत्त शिक्षिका, राहणार तळेगाव (श्यामजी पंत), तालुका आष्टी, जिल्हा वर्धा. कच्च्या मसुद्यात लेखनिकाने माझ्या नावापुढे 'बेवा' असा शब्द घातला होता. तो मी काढायला लावला. नवरा वारला ही माझी पदवी नाही. मी हे पत्र कोणाच्याही दडपणाखाली नव्हे, तर पूर्ण शुद्धीत, समजून-उमजून आणि बऱ्यापैकी रागात लिहीत आहे. आर्वीच्या डॉक्टरांनी माझ्या मनःस्थितीचा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. माझे दीर बबनराव यांना तो पुरेसा वाटणार नाही. त्यांनी पुढील मजकूर वाचावा आणि मला काय काय आठवते ते पाहावे.

कलम पहिले : मालकीबद्दल. नाल्याकाठचे ओलिताचे शेत, ज्याच्या पूर्वेस नत्थूजींचे वावर आणि पश्चिमेस नाला आहे, ते मी माझ्या पगारातून विकत घेतले. ते वडिलोपार्जित नाही. बबनराव वीस माणसांत "आमचं घरचं वावर" असे म्हणतात, त्याने ते त्यांच्या घरचे होत नाही. या शेतात मी वांगी, मिरची, फुलकोबी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवला आणि आर्वी-आष्टीच्या बाजारात विकला. हे शेत कोणाला द्यायचे ते ठरवण्याचा अधिकार माझा एकटीचा आहे.

कलम दुसरे : पात म्हणजे काय. हे कलम मालमत्तेचे वाटणार नाही, पण सगळी मालमत्ता याच्यावरच उभी आहे. निंदताना प्रत्येक बाई पिकाच्या दोन-तीन ओळींचा पट्टा धरते. त्या पट्ट्याला आमच्याकडे पात म्हणतात. सगळ्यांच्या पाती एकाच वेळी सुरू होतात, पण एकाच वेळी संपत नाहीत, कारण हात सारखे नसतात. आता गंमत पाहा. जिची पात आधी संपते ती धुऱ्यावर बसत नाही. ती वळते आणि मागे राहिलेल्या बाईच्या पातीत समोरच्या टोकाने शिरते. दोघी मध्येच कुठेतरी भेटतात, आणि मग सगळ्या मिळून नवी पात धरतात. याला पात जुळवणे म्हणतात.

वरवर पाहणाऱ्याला यात चपळ बाईचे नुकसान दिसते. प्रत्यक्षात हीच तिची राखण आहे. उभ्या पिकात कोणतीही बाई एकटी मागे राहत नाही. रानडुकरापासून वाईट नजरेच्या माणसापर्यंत कोणालाही एकटी बाई सापडत नाही. शिवाय मागच्या पातीत आपल्यालाच शिरायचे आहे हे माहीत असल्यामुळे पुढे धावण्यासाठी कोणी कुंदा या तणाचे नुसते शेंडे तोडून जात नाही. कुंदा मुळासकट काढावा लागतो. शेंडा तोडला, तर पंधरवड्यात तो दुप्पट होऊन परत येतो. विद्यालयात मी मुलांना सांगत असे, की तणनाशकाचा अभ्यास करण्याआधी पातीचा करा. मुले हसत. त्यांतले काही आज मजूर शोधत फिरत आहेत.

कलम तिसरे : धनंजयचा हंगाम. धनंजय हा माझा एकुलता एक मुलगा. नागपूरला एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात होता. नोकरी सोडून बायको वर्षालीसह गावी आला. गेल्या पावसाळ्यात माझा खुबा मोडला, तेव्हा तो म्हणाला, "आई, एक हंगाम माझ्या हातात दे. नंतर वावर माझ्या नावानं कर." मी म्हटले, "हंगाम घे. नावाचं नंतर बघू." शब्द दिल्यामुळे मी त्याच्या कारभारात तोंड घातले नाही. मी शेतातल्या खोलीसमोर बाजेवर पडून होते. खुबा मोडला होता, कान शाबूत होते.

पहिल्याच आठवड्यात त्याने खांबावर कॅमेरा लावला. नंतर बायांना कापडी बिल्ले दिले आणि प्रत्येकीची पात दोरी लावून वेगळी केली. धुऱ्यावर खुर्ची ठेवली आणि खुर्चीवर नवा कुकर ठेवून जाहीर केले, की जिची पात आधी संपेल तिला हा कुकर. मजुरांचे मनोबल वाढवण्याची ही पद्धत त्याला कोणत्या तरी प्रशिक्षणात शिकवली होती. त्याचे चौकटीतले प्रमाणपत्र अजून बैठकीत टांगलेले आहे.

बायांची मुकादम कोकिळा. तिच्या हाताला पंचक्रोशीत तोड नाही, हे तिच्या शत्रूंनाही मान्य आहे. तिची पात आधी संपली. ती वळली, दोरी ओलांडली आणि देवकाबाईच्या पातीत शिरली. देवकाबाई वयाने सर्वांत मोठ्या आणि हाताने सर्वांत सावकाश.

धनंजय ओरडला, "अगं कोकिळा, तुझी पात झाली ना? दुसरीच्या लाइनीत काय करते? कुकर नको का तुला?"

"कुकर ठेवा तुमच्याच घरी, भाऊ. वर्षालीवहिनीले वरण शिजवाले कामी येईन."

"हा टाइमपास आहे. प्रत्येकीनं आपापली लाइन करायची."

"आन् देवकामाय मांगं राह्यली तं तिले एकटीले वावरात सोडून आमी धुऱ्यावर बसाव का? डुक्कर आलं तं तुमचा कॅमेरा धावून येते का?"

बाया हसल्या. माझ्या मुलाला हसणे सहन होत नाही; हा गुण त्याने होले घराण्याकडून घेतला आहे. तो म्हणाला, "ही म्हातारीच सगळ्यांना मागे ओढते. उद्यापासून हिला आणू नको."

कोकिळा एवढेच म्हणाली, "बरं."

ज्याला मजुरांचे मन कळते त्याला या 'बरं'चा अर्थ समजतो. दुसऱ्या दिवशी कोणीही आले नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. कुकरच्या आशेने ज्या दोघी-तिघींनी घाई केली होती, त्यांच्या पातींतून कुंदा वर आला. न निंदलेल्या भागात तर फुलकोबी शोधावी लागत होती. आणि धुऱ्यापलीकडे नत्थूजींच्या वावरात त्याच बाया देवकाबाईंसह पात जुळवत होत्या. धनंजय पारावर बसून सांगत होता, "फुकटच्या रेशनानं माजले सगळे. कोण काम करते?" हे वाक्य ज्यांनी त्याच्याबरोबर म्हटले त्यांची नावे मला माहीत आहेत. ती इथे लिहीत नाही, कारण त्यांना या पत्रातून तसेही काही मिळायचे नाही.

कलम चौथे : बबनराव. धनंजयला धीर द्यायला हेच आले होते. मला म्हणाले, "वहिनी, मजूर म्हंजे मिरचीचं रोप. जितकं खुडसान तितकं फुटते."

मी म्हटले, "भावजी, मिरचीच्या रोपाला पाय नसतात."

"तुमाले बोलनं जमते, माणसं ठेवनं नाई जमत."

ज्यांच्याकडे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला सालदार पोळ्यापर्यंतसुद्धा टिकत नाही, त्यांनी हे मला ऐकवले. सबब, खांबासह तो कॅमेरा मी बबनराव होले यांना देते. त्यांनी तो आपल्या ओट्यावर, स्वतःच्या खुर्चीकडे तोंड करून लावावा, म्हणजे दिवसभरात तिथे किती काम होते याची नोंद राहील. याखेरीज त्यांना काहीही देऊ नये. मागितल्यास हे कलम पुन्हा मोठ्याने वाचावे.

कलम पाचवे : कोपऱ्यातील शौचालय. मजूर बायांसाठी शेताच्या कोपऱ्यात मी शौचालय बांधले, तेव्हा गावाने मला खुळी म्हटले. धनंजयने वेळ वाचवण्याच्या नावाखाली त्याला कुलूप लावले आणि किल्ली आपल्या खिशात ठेवली. ज्या बाईला जायचे, तिने पुरुषाकडे येऊन किल्ली मागायची! मी त्याची आई आहे आणि हे वाक्य लिहिताना मला लाज वाटत आहे. ती त्याला वाटायला हवी होती. यापुढे त्या दाराला बाहेरून कुलूप लावणारी व्यक्ती, मग ती कोणीही असो, या पत्रान्वये मिळालेल्या सर्व हक्कांना मुकेल.

कलम सहावे : वर्षाली. माझी सून. कमी बोलते, त्यामुळे घरात तिला कोणी हिशेबात धरत नाही. शेत कुंद्याने भरल्यावर धनंजयने तिला सांगितले, "कोकिळेच्या घरी जा, समजाव तिला." ती समजवायला गेली नाही. तिने त्याच्या खिशातून किल्ली काढून घेतली, कुलूप नाल्यात फेकले, खुरपे घेतले आणि नत्थूजींच्या वावरात जाऊन देवकाबाईंच्या शेजारची पात धरली. नत्थूजींनीच मला हे नंतर सांगितले.

दुपारपर्यंत ती सर्वांच्या मागे पडली. बाया पुढे बसून पाहत होत्या.

"वहिनी, निंदून राह्यल्या का रांगोळी काढून राह्यल्या?" कोकिळा म्हणाली.

"येत नाही मला. दिसतं आहे ना?"

"मंग काऊन आल्या?"

वर्षाली खुरपे चालवतच राहिली. थोड्या वेळाने कोकिळा उठली आणि समोरच्या टोकाने तिच्या पातीत शिरली. बोलणे एवढेच झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बाया आमच्या धुऱ्यावर हजर होत्या, देवकाबाई सर्वांत पुढे. अर्धी फुलकोबी वाचली. ज्याला व्यवस्थापन म्हणतात ते हे, आणि याचे प्रमाणपत्र कोणी देत नाही, म्हणून मी देते : कलम पहिल्यात वर्णन केलेले संपूर्ण शेत, विहीर, मोटारपंप व शेतातील खोलीसह, मी माझी सून वर्षाली धनंजय होले हिला पूर्ण मालकीहक्काने देते. माझी बँकेतील ठेवही तिलाच, शेत चालवण्यासाठी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम सातवे : कोकिळा. हिच्याबद्दल मला माया आहे असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. ती गावभर सांगते, "हे मास्तरीण पानी पाजतानाही पान्याचे फायदे सांगते." ते खरे आहे, पण तिने सांगायचे कारण नव्हते. तरीही सर्व खुरपी, विळे आणि धार लावायचा दगड मी तिला देते, कारण दुसऱ्या कोणाच्या हातात ते मला पाहवणार नाहीत. तिला या पत्रातून काही मिळत असल्याने तिला साक्षीदार केलेले नाही; कायद्याने चालले असते की नसते, हा वाद बबनरावांच्या हाती द्यायचा नाही.

कलम आठवे : धनंजय. तळेगावचे राहते घर धनंजयला. घराच्या भिंती हुकूम ऐकतात आणि सोडून जात नाहीत. त्याचे प्रमाणपत्रही त्याचे त्याला. शेतात मजूर लावणे, काढणे, त्यांना नावे ठेवणे किंवा बक्षीस देणे, यांपैकी काहीही करण्याचा त्याला अधिकार नाही. त्याने शेतात यावे, पण पात धरण्यासाठी.

तो म्हणेल, आईने मला तोडले. मी पस्तीस वर्षे शिकवले. मी तोडत नाही, परीक्षा घेते. म्हणून शेवटची तरतूद अशी.

वर्षालीच्या संमतीने धनंजयने दर वर्षी एक दिवस बायांसोबत शेतात काम करावे. संध्याकाळी मजुरी प्रत्येकीच्या हातात द्यावी. त्यानंतर त्याने 'उद्या या' म्हणू नये, उद्याचे कामही सांगू नये. गप्प उभे राहावे. बाया पदर झटकून निघतात की त्यांच्यातली एखादी वळून विचारते, "उद्या कोनत्या वावरात लागाचं?", एवढेच ऐकावे. कोणी विचारले, तर वर्षालीने अर्ध्या शेताचे बक्षीसपत्र त्याच्या नावे करून द्यावे. कोणी विचारले नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहावे. परीक्षा सोपी आहे. ज्याच्याकडे तुकडाभर शेत आणि चार मजूर आहेत त्याने ती आजच संध्याकाळी करून पाहावी. आणि किती वेळा नापास व्हावे याला मी मर्यादा ठेवलेली नाही. मुलगा म्हणून त्याला दिलेली ही एवढीच सवलत आहे.

हे पत्र मी स्वतः वाचून, प्रत्येक पानावर सही करून पक्के केले. याआधी तोंडी कोणाला काही कबूल केले असे कोणी सांगितल्यास ते खोटे समजावे.

लिहून ठेवणार : सुलोचना अण्णाजी होले (सही)

आम्हा दोघांच्या देखत सुलोचनाबाईंनी सही केली; आम्हीही त्यांच्या देखत केली.

साक्षीदार १ : ज्ञानेश्वर महादेव भोयर, राहणार आष्टी (सही)
साक्षीदार २ : रंजिता प्रफुल्ल गावंडे, राहणार तळेगाव (श्यामजी पंत) (सही)

स्थळ : तळेगाव (श्यामजी पंत), तालुका आष्टी, जिल्हा वर्धा
दिनांक : २२ जानेवारी २०२५