आईला लातूरला आणायचं आहे

९ जानेवारी १९८३, रविवार
अप्पांना माती देऊन महिना झाला. आई गावी एकटीच आहे. मी लगेच परत आलो, कारण ऑफिसात तपासणी होती. ती पुढे ढकलली गेली, पण हे मला आधी कसं कळणार? ठरवलं: याच महिन्यात आईला लातूरला आणायचं. खोलीला नळ आहे. पाणी नाही, पण नळ आहे.

१६ जानेवारी, रविवार
आज निघणार होतो. लातूर वेगळा जिल्हा झाला, तरी आमच्या बालवाड्यांच्या संस्थेच्या छापील कागदांवर अजून उस्मानाबाद आहे. सचिव अमृतराव म्हणाले, दुष्काळात नवे कागद छापणं बरं दिसत नाही, खोडून घ्या. दिवसभर उस्मानाबाद खोडलं. माझ्याइतकी सरळ रेघ कुणाची येत नाही, असं तेच म्हणाले. थांबावं लागलं.

३१ जानेवारी
बालवाडी सेविकांची मीटिंग. आमच्या गावच्या सेविका भामाबाईंना आईकडे रोज डोकवायला सांगितलं आहे. एका अर्थी मीच रोज डोकावतो.
त्या म्हणाल्या, "सर, आजी चूलच पेटवत न्हाईत. एकटीसाठी काय रांधू म्हणत्यात."
आईसाठी बिस्किटांचा पुडा दिला.
"पुडा र्‍हाऊ द्या. पिशवीत तुमीच बसा, मी नेते."
सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो. नंतर बेरीज तीनदा चुकली.

१३ फेब्रुवारी, रविवार
रजा मागायला सचिवांच्या घरी गेलो. पगारवाढीचंही विचारणार होतो. ते म्हणाले, "मन्मथ, तुम्ही म्हणजे संस्थेचा मुलगा." चहा दिला. मुलानं रजा कशी मागायची? चहाचे आभार मानून सरळ ऑफिसात आलो. अंधार पडेपर्यंत लेकरांच्या खाऊचा, सुकडीचा हिशोब केला. मध्येच मनातल्या मनात अप्पांशी बोललो. ते काही बोलले नाहीत. तसे जिवंत असतानाही फार बोलत नसत.

२८ फेब्रुवारी
भामाबाई म्हणाल्या, "आजीची काळजी सोडा. आता जेवत्यात की. दुपारी लेकरांत बसून खात्यात."
हायसं वाटलं. माझ्या नियोजनाचं फळ. संध्याकाळी मात्र मला जेवण गेलं नाही. मार्चमध्ये नक्की.

२० मार्च, रविवार
संस्थेत मुंबईचे पाहुणे आले. त्यांच्यापुढे मी बोललो. विषय : बालशिक्षणात घरातल्या वृद्धांचं स्थान. भाषण चांगलं झालं. एका बाईंनी विचारलं, तुमच्या घरी कोण कोण असतं? मी म्हणालो, मोठं कुटुंब आहे.

११ एप्रिल
तोडगा निघाला! मुखेडकडच्या बालवाड्यांची तपासणी मागून घेतली. आमचं गाव त्यातच येतं. रजेचा प्रश्नच नाही. काम संस्थेचं, भेट आईची. आईला जीपमध्ये बसवून सरळ इथे. हे आधीच सुचायला हवं होतं.

१९ एप्रिल
ड्रायव्हर महेबूबभाईंनी सकाळीच पोचवलं. घराला कुलूप. बालवाडीत गेलो. अंगण लख्ख झाडलेलं, लेकरं रांगेत. रांगेच्या टोकाला पदर खोचून आई.
भामाबाई म्हणाल्या, "ह्या आमच्या नव्या मदतनीस. घरोघर फिरून लेकरं उचलून आणत्यात." मदतनीस सेविकाच नेमतात, त्यामुळे मला माहीत असण्याचं कारण नव्हतं.
"सायब आले रे, नमस्कार करा," आई लेकरांना म्हणाली. तिनंही केला.
थट्टा वाटली म्हणून मी हसलो. ती हसली नाही. पदरानं खुर्ची पुसून दिली. मी बसलो. का बसलो, कळत नाही. लेकरं मोजली. सुकडी तपासली. वाळली आहे. अप्पा गेले तेव्हाही इतकी वाळलेली नव्हती. आई, म्हणजे.
लेकरं गेल्यावर म्हणालो, आई, चल, जीप आहे.
"आज कसं जमंल? रजा लागंल की." ती ताटल्या गोळा करत होती. "सायब, दोन दिस रजा मिळंल का? पोराकडं जाऊन यावं म्हणते. बाप गेल्यापून त्यानं तोंड दावलं न्हाई."
मी म्हणालो, "मुख्य कार्यालयाला विचारून कळवतो."
सवयीनं निघून गेलं तोंडातून. महेबूबभाई काच पुसत होते, त्यांचा हात थांबला. भामाबाईंनी मान खाली घातली.
"कळवा," आई म्हणाली, आणि ताटल्या घेऊन आत गेली.