पंचाचं पागोटं

बाबा, काल रविवारी मी मार खाल्ला. साठी उलटलेला माणूस, भर मैदानात, पंच म्हणून उभा असताना. एक तिशीतला गडी, चांगला दोन पोरांचा बाप, त्याला मी बाद दिला तर त्याने उठून माझी गळपट्टी धरली आणि तोंडावर अशी ठेवून दिली की खालचा ओठ दातात फाटला. माझी सून सकाळपासून पेज देतेय, तीही गार करून. मार खाल्ला म्हणून रडत नाही मी. तुमच्या देखत पुष्कळ खाल्लाय, आणि दिलाय त्याहून जास्त. पण त्याने हात उचलण्याआधी मी डोक्यावरची टोपी काढून त्याच्या हातात दिली होती. धर, म्हटलं. त्याने टोपीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाकीच्यांना विचारलं की म्हातारा खुळावला काय. मग टोपी भिरकावली आणि मग मारलं. त्याला तरी काय बोलणार? पंच डोक्यावरचं काढून हातात का देतो हे आता कुणाला ठाऊक असणार? आता पंचाच्या गळ्यात शिट्टी असते आणि खिशात नियमांचं पुस्तक. मला मात्र वेळ आली की तुमचंच सुचतं. ओठ ठणकतोय, बोलवत नाही, म्हणून लिहायला बसलोय. तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं हे ठाऊक असून बसलोय.

लालबागची आपली खोली आठवते. दारातून शिरलं की समोर चूल आणि चुलीपाशी आई. तुम्ही जेवायला बसलात की ती चुलीकडची जागा सोडून मुद्दाम तुमच्यासमोर येऊन बसायची आणि मगच बोलायची. शेजारच्या बाया हसायच्या, नवऱ्याचं तोंड बघितल्याशिवाय हिला बोलायला सुचत नाही म्हणायच्या. ती हसू द्यायची. गिरणीच्या साचेखात्यात एवढी वर्षं काढलेल्या माणसाचे कान शाबूत राहतात होय? कापड विणणारे शेकडो साचे एका छपराखाली धडाधडा चालायचे. आत सगळे ओठांवरूनच बोलायचे, तोंड मोठं करून, हातवारे करून. मीही तिथेच लागलो तेव्हा आठवड्याभरात शिकलो. पण आत जे सगळ्यांचं होतं ते बाहेर तुमचं एकट्याचं होतं. तुमचे दोन्ही कान पार गेले होते आणि हे आई आणि मी सोडून कुणाला कळू नये म्हणून तुम्ही जिवाचा आटापिटा करायचात. रस्त्यात कुणी मागून हाक मारली आणि तुम्ही वळला नाहीत तर लोक म्हणायचे, मान ताठ आहे. तुम्ही तेच म्हणू दिलंत. कारण तुम्ही हुतूतूचे पंच होता, आणि हुतूतूच्या पंचाला कान गेलेले चालत नाहीत.

परळला जुनं तळं आटून पडलेली जागा होती, तिथे दर रविवारी सामने व्हायचे. एका गिरणीचे गडी दुसऱ्या गिरणीशी, कधी गोदीतल्यांशी. एका दमात हुतूतू म्हणत पलीकडे शिरायचं, कुणाला शिवून मधल्या रेघेवर परत यायचं. त्यांनी धरून ठेवलं आणि दम तुटला तर बाद. दम तुटला की नाही हे पंचाने ऐकायचं. सांगायला एवढंच, पण खेळताना माणसं जनावरं व्हायची. आठवडाभर गिरणीतल्या मुकादमाच्या, जॉबरच्या, शिव्या गिळलेल्या असायच्या, त्या सगळ्या तिथे बाहेर पडायच्या. घोटे मुरगाळायचे, डोळ्यांत माती जायची, कानाचा चावा घेतलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. आणि तुम्ही, किडकिडीत देहाचे, आठवडाभर त्याच जॉबरपुढे खाली मान घालून राहणारे, रविवारी लाल पागोटं बांधून रेघेवर उभे राहिलात की पैलवान मुकाट्याने ऐकायचे.

त्या जॉबरचाच भाऊ एकदा आपल्या बाजूने खेळला. त्याने खाली पडलेल्या गड्याचं बोट धरून उलटं वाकवलं, मोडल्याचा आवाज मलाही आला. तुम्हाला तो आला नसणार, पण तुम्ही ते बघितलंत. पलीकडचे धावून आले, आपले धावले. तुम्ही ओरडला नाहीत. पागोटं काढलंत, जॉबरच्या भावाच्या दोन्ही हातांत ठेवलंत आणि म्हणालात, धर. झालं. दुसऱ्याचं पागोटं हातात असताना मारामारी करता येत नाही. खाली टाकावं तर बापजाद्यांचा अपमान, आणि घेऊन निघून जावं तर चोर. तो उघडा दांडगा गडी तुमचं पागोटं ओंजळीत घेऊन रेघेबाहेर उभा होता, घाम पागोट्यावर पडेल म्हणून मान मागे घेत होता. डाव संपेपर्यंत तुम्ही बोडक्या डोक्याने पंचगिरी केलीत. मग जाऊन पागोटं मागून घेतलंत, आणि त्याने ते देताना डोळे वर केले नाहीत. मला त्या दिवशी तुमचा असा काही अभिमान वाटला की घरी आईला चारदा सांगितलं. तरीही पुढे मी जे केलं ते केलंच.

मी चोरी करत होतो, बाबा. एकदा धरपकडीत माझा दम खरंच सुटला, पण भीतीने ओठ हलतच राहिले, आणि तुम्ही हात वर केलात, दम आहे म्हणून. तेव्हा मला कळलं की तुम्ही फक्त माझे ओठ बघताय. मग काय, अक्कल शेण खायला गेली. अंगावर चार गडी पडले की मी तोंड हलवत राहायचो आणि आतून खुशाल श्वास घ्यायचो. ज्यांनी धरलेलं असायचं त्यांना कळायचं, ते तक्रार करायचे, तुम्ही शांतपणे सांगायचात की दम होता, मी बघितलाय. तुमच्या तोंडून ऐकलायऐवजी बघितलाय निघायचं, पण कुणाच्या ध्यानात आलं नाही. दोन वर्षं मला कुणी रेघेपलीकडे थोपवू शकला नाही. चाळीत मला खांद्यावर घेऊन नाचले. हळूहळू गोदीकडची माणसं म्हणायला लागली, पंच बापमाणूस खरा, पण पोराच्या बाबतीत आंधळा. हे तुमच्यापर्यंत आलं. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. आई मला म्हणाली की यांना काहीतरी लागलंय, तुला ठाऊक आहे का. मी नाही म्हटलं.

माझगावच्या गोदीतल्यांशी सामना होता. त्यांच्यात एक होता, हमाली करून हातांच्या नुसत्या पहारी झालेल्या. त्याने माझा पाय धरला तो सोडेचना. वर आणखी तिघे पडले. छाती जमिनीवर दाबलेली, तोंडात माती, रेघ हातभर अंतरावर. मी ओठ हलवत होतो आणि श्वास घेत होतो. तेवढ्यात माझ्या पाठीवर, बरगडीच्या खाली, कुणाचा तरी तळवा टेकला. सूत तुटलं की बोटांना कळणाऱ्या माणसाचा तळवा होता तो. तुम्ही वाकून माझ्या पाठीवर हात ठेवला होता. तो हात त्याच दिवशी का ठेवलात, कुणी सांगितलं, की तुमचं तुम्हालाच सुचलं, हे मी कधी विचारू शकलो नाही. माझी पाठ फुगली आणि तुम्ही सरळ उभे राहिलात. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, दम तुटला. बाद.

मी उठलो तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती. तुमच्यावर हात टाकता येत नव्हता, म्हणून गोदीतला तो अजून गुडघ्यावर होता, त्याच्या तोंडावर गुडघा हाणला. नाक फुटलं. रक्त इतकं आलं की त्याची छाती लाल झाली. पुन्हा हाणणार, एवढ्यात तुम्ही मध्ये आलात, पागोटं काढलंत आणि माझ्या हातात दिलंत. धर. तुमचे डोळे माझ्या ओठांवर होते. सवयच होती तुम्हाला ती. मी तुमच्याकडे पाठ केली, लोकांकडे तोंड केलं, पागोटं मातीत आपटलं, त्यावर पाय दिला आणि ओरडलो.

"हा बहिरा आहे! याला दम ऐकूच येत नाही. इतकी वर्षं तुम्ही बहिऱ्याला पंच केलंय!"

मग कुणीतरी हसलं, मग सगळेच. मी वळून पाहिलं. तुम्ही बोडक्या डोक्याने उभे होतात आणि एकेका तोंडाकडे बघत होतात. एवढ्या ओठांतून काय वाचणार? तुम्ही त्या गोदीतल्याला विचारलंत, तो सगळ्यात जवळ होता म्हणून.

"काय म्हणाला रे हा?"

त्याने तोंडावरचा हात काढला. तुम्हाला ओठ दिसावेत म्हणून काढला, बाबा. रक्ताने भरलेल्या तोंडाने, सावकाश, म्हणाला, "काय नाय, मामा. तापलाय तो." ज्याचं नाक मी फोडलं होतं त्याने तुमची लाज राखली.

मग दगड आले. कुठल्या बाजूने आधी आले हे अजून कुणी सांगू शकत नाही. आपल्यातल्यांनी कुंपणाचे बांबू उपटले, त्यांनीही उपटले. डोकी फुटली, एकाच्या हाताचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. मी हातात सापडेल ते घेऊन मारत होतो, आणि खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. तुम्ही माणसं सोडवायला मध्ये घुसलात. मागून कुणीतरी ओरडलं, मामा सरका. सगळ्यांनी ऐकलं. दगड तुमच्या कपाळावर बसला आणि तुम्ही जिथे पागोटं पडलं होतं तिथेच खाली बसलात. त्याच गोदीतल्याने तुम्हाला पाठुंगळी घेऊन लालबागपर्यंत आणलं. आईने दार उघडलं तर तुम्हा दोघांच्या रक्तातलं कुणाचं कुठलं हे तिला कळेना. मी अंधार पडायच्या आत घरी गेलो नाही.

त्यानंतर तुम्हाला कुणी पंच म्हणून बोलावलं नाही. तुम्ही कारण विचारलं नाही, त्यावरून मला वाटतं तुम्हाला कळलं होतं. पागोटं तुम्ही स्वतः नळावर नेऊन धुतलंत. आई हात लावायला गेली तर तिला नको म्हणालात. रविवारी सकाळी ते बांधून दाराशी बसायचात, आणि लोक मैदानाकडे जायला लागले की उतरवून खुंटीला अडकवायचात. माझ्याशी पहिल्यासारखंच बोलायचात, साच्याचं, सुताचं, जेवणाचं. एकदा तरी कानशिलात वाजवली असती तर सुटलो असतो. तुम्ही ते केलं नाहीत आणि मला त्याचा अजून राग आहे.

मग मुंबईत प्लेग आला, गाठीचा ताप. चाळी रिकाम्या झाल्या, माणसं कोकणात पळाली. आईला घेऊन निघायचं ठरलं आणि तुमच्याच जांघेत गाठ आली. परळकडे नारळीच्या झापांचं इस्पितळ उभं केलं होतं, तिथे तुम्हाला नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मला आत सोडलं. ताप इतका होता की हात लावला की भाजावं. तुम्ही डोळे उघडलेत आणि मला खाटेशी बसवलंत. पाणी मागाल, आईचं विचाराल असं मला वाटलं. तुम्ही विचारलंत, "खरं सांग रे. त्या दिवशी दम तुटलेला ना तुझा?"

तुमचे डोळे पुन्हा माझ्या ओठांवर होते. जीव जात असताना तुम्हाला तेवढंच हवं होतं, की शेवटचा निवाडा तरी बरोबर दिला होता की पोराला उगाच बाद केलं होतं. मी हो म्हणालो, बाबा. मोठ्याने म्हणालो. पलीकडच्या खाटेवरच्या माणसाने मान वळवून पाहिलं इतक्या मोठ्याने. आईला तेच सांगितलं, तुमच्या सुनेला सांगितलं, तुमच्या नातवंडांनाही सांगितलं की तुमच्या आजोबांनी शेवटी विचारलं आणि मी खरं तेच बोललो. सगळे म्हणतात, बरं झालं, म्हातारा समाधानाने गेला.

आता ओठ पुन्हा फुटलाय, रक्त येतंय, कागदावर डाग पडलाय. हा कागद तुमच्या पागोट्याच्या घडीत ठेवून देईन. ट्रंकेत आहे ते अजून, मी रविवारी बांधत नाही. एवढंच लिहायचं राहिलंय की हो म्हणताना मी तोंड भिंतीकडे केलं होतं.