अंगठा नऊ इंचांवर

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (या खेपेला तो नुसता कागदावरचा नाही, खरोखर घातलाय, कपाळावर सतरंजीचे वळ आहेत.) तुझी तब्येत विचारत नाही, कारण तू 'बरी आहे' एवढंच कळवणार.

चाळीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून माझी पाठ मशीनसारखीच झाली, म्हणून डॉक्टरांनी योगवर्गाला धाडलं. तिथल्या बाई माझ्या मुलीएवढ्या, आवाज मात्र हेडमास्तरांचा. पहिल्याच दिवशी पाय पसरून बसवलं आणि म्हणाल्या, अंगठे धरा. माझी बोटं नडगीवरच अडली. तू मला ओळखतेसच, मी टेप काढली. (गळ्यातच असते, कधी आंघोळीलाही येते.) बोटांपासून अंगठा नऊ इंच लांब. दुसऱ्या दिवशी पावणेनऊ. आठवड्यात सगळा वर्ग माझ्यापुढे रांगेत, प्रत्येकाचं माप वहीत, आणि बाई समोर एकट्याच श्वास सोडताहेत. त्यांनी टेप जप्त केली.

मग मी विचारत सुटलो. बाहीला चुणी कशासाठी, खिशाला झाकण कशासाठी, हे मी सांगू शकतो. पण माणसाने झाडासारखं एका पायावर कशासाठी उभं राहायचं? बाई म्हणाल्या, "काका, उभे राहा, आणि मग तुम्हीच मला सांगा." दोनदा शेजारच्या पोस्टमनवर पडलो. (तो आता लांब बसतो.) तिसऱ्यांदा टिकलो तेव्हा कळलं, तळपाय क्षणभरही गप्प नसतो. जरा इकडे, जरा तिकडे, सारखा सावरत असतो. साठ वर्षं त्याच्यावर उभा आहे आणि आमची साधी ओळख नव्हती! मला फार नवल वाटलं. तरी 'कशासाठी'चं पुरतं उत्तर काही मिळालेलं नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. टेप परत मिळाली. महिन्याअखेर साडेआठ इंच. हसू नकोस.

आणखी एक ता. क. तुझ्या सूनबाईंचा फोन आला होता. पडलीस तेव्हा मोडलेलं हाड कधीच जुळलं, डॉक्टर चाला म्हणतात, आणि तू पलंगावरून विचारतेस, "आता कशासाठी उठू?" ऐकून मी घाबरलो, ताई. उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून रविवारी सकाळी दहाला येतोय. दार सूनबाईंनी उघडायचं नाही, असं त्यांना बजावलंय. बेल वाजवून मी बाहेर एका पायावर उभा राहीन. अकरा सेकंदांच्या वर मला जमत नाही, तेव्हा तू आतापासूनच निघ.