कार्यक्षेत्राची रेघ

११ जून २००७
जमलं! पायथॉन या संगणकाच्या भाषेत पहिला बहुभुज काढला आणि हिरव्या रंगानं भरला. चार कोपरे द्यायचे, ‘फिल’ म्हणायचं — झालं शेत! आमच्या साखर कारखान्याच्या शेती खात्यात नांगर न धरता शेत करणारा पहिला माणूस मीच. तोही रोजंदारीवरचा, चार वर्षं.
शेती अधिकारी अमरसिंहसाहेब म्हणाले, “धम्मपाल, सप्टेंबरच्या सभेत उसाचा रंगीत नकाशा भिंतीवर लागला की तू कायम.” कायम! किती दिवस ऐकायचा होता हा शब्द.

१९ जून
सगळी शेतं डमरू झालीत. दोन त्रिकोण, टोकाला टोक लावून. दोन दिवस प्रोग्रॅमला शिव्या घातल्या. शेवटी केरबाला विचारलं. केरबा म्हणजे आमचा चिटबॉय, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा, वय वर्षं चोपन्न. रानात जीपीएस घेऊन कोपरे तोच टिपतो.
“आधी म्हसोबाच्या कोपऱ्यावर बटण दाबायचं. मग त्येच्या नजरंत तिरका समोरचा कोपरा येतो, तिथं. मग ऱ्हायलेलं दोन.”
“अरे, बांधानं ओळीनं फिरायचं!”
“देवाला सोडून? तुमच्या मशिनीला सांगा की वळण लावून घ्यायला.”
अडीच हजार शेतं अशी टिपलीत.

२ जुलै
लावलं वळण. शेताचा मध्य काढायचा आणि त्याच्याभोवती कोपरे कोनाच्या क्रमानं लावायचे. एकही डमरू उरला नाही! केरबाला दाखवलं. “मग? चूक कुणाची हुती?” म्हणाला आणि चहा सांगितला. माझ्याच नावावर.

१४ जुलै
आज कातरकाम. कारखाना जिथला ऊस घेतो त्या कार्यक्षेत्राची हद्द घालायची, तिच्याबाहेरचं पायथॉनची तयार लायब्ररी आपोआप छाटते. हद्दीचे बिंदू तीन कारकुनांनी जुन्या नकाशावरून उतरवलेले, क्रमाचा पत्ता नाही. मग त्यांनाही तेच औषध दिलं. हद्द अशी सुरेख आली, थापलेली भाकरीच! ओढ्याच्या वळणावर जुन्या नकाशात एक वाकडं बोट बाहेर आलेलं होतं, ते गेलं. कागदाची घडी असणार.
गावांची नावं घालू का विचारलं. साहेब म्हणाले, “नगं, रंग दिसू दे.”

५ ऑगस्ट
गावी गेलो होतो. आण्णा डेअरीवर सगळ्यांना सांगतात, “कारखान्याचा नकाशा माझं पोरगं काढतंय.” आमच्या वस्तीतले कारखान्याचे पहिले सभासद ते. वीस गुंठ्यांच्या जोरावर. सभासदत्वाचा दाखला बाबासाहेबांच्या फोटोखाली फ्रेम करून लावलाय. मला उगाच भरून आलं.

३० ऑगस्ट
साहेबांनी हद्दीबाहेर रान असलेल्या सभासदांची यादी मागितली. प्रोग्रॅमनं काढली. एकशे त्रेचाळीस नावं. वाचत कोण बसतं! छापली आणि दिली.

२२ सप्टेंबर
सभा. नकाशाला टाळ्या! चेअरमन म्हणाले, “असलं गुळगुळीत कार्यक्षेत्र आमी जन्मात बघितलं न्हवतं.” मग ठराव — नकाशाबाहेरच्यांचं सभासदत्व रद्द. एकमतानं मंजूर. आण्णा चौथ्या रांगेत होते. सगळ्यांच्या आधी हात त्यांचाच वर.

१ ऑक्टोबर
कायम!!

५ ऑक्टोबर
आण्णांना नोटीस आली. रान कार्यक्षेत्राबाहेर. गाव आत, आणि रान बाहेर!
ऑफिसात जाऊन हद्द तपासली. चूक माझीच. चौकोनी शेताला चालणारं कोनाच्या क्रमाचं औषध वाकड्यातिकड्या हद्दीला चालत नाही, बाहेर आलेलं बोट त्यात मोडतं. ते बोट कागदाची घडी नव्हती. ते आमच्या ओढ्याकाठचं रान होतं. लाज वाटली.
साहेबांना सांगितलं. ते हसले. “सभेनं मंजूर केलेला नकाशा चुकत न्हाय गड्या, रानं चुकत्यात. आणि चुकलाच म्हण, तर काढणाराबी चुकला की. मग तुझ्या ऑर्डरीचं काय करू, सांग?”

७ ऑक्टोबर
गावी. सगळं सांगितलं. आण्णांनी फ्रेम उतरवून ट्रंकेत ठेवली. म्हणाले, “कायम झालायस न्हवं? मग कुठं बोलू नगंस.”
बरं म्हणालो. उरलेल्या एकशे बेचाळीस जणांचं काय, हे त्यांनी विचारलं नाही. मीही नाही.